शोधगंगा: पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायची जागा, माझा रिव्ह्यू

शोधगंगा ही साइट पीएचडी करणाऱ्यांनाच काय ती माहीत असते, आणि त्यांनाही बरेचदा स्वतःचा प्रबंध अपलोड करायची वेळ आली की मगच. याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, साइट रोजच्या वापरात आहे, त्यामुळे जे लिहितेय ते वापरून लिहितेय.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भारतातल्या विद्यापीठांमध्ये पीएचडीसाठी जे प्रबंध लिहिले जातात ते एका ठिकाणी ठेवायची ही जागा. चालवतं इन्फ्लिबनेट, म्हणजे यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) गांधीनगरचं केंद्र. आपल्याकडच्या लोकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे हे इन्फ्लिबनेट १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या छत्राखाली एक प्रोजेक्ट म्हणून सुरू झालं होतं, १९९६ मध्ये ते स्वतंत्र केंद्र झालं. २००९ मध्ये यूजीसीने नियम केला की प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायचीच, २०१६ च्या नियमातही ते कायम राहिलं, आणि आज तिथे पाच लाखांच्या वर प्रबंध आहेत. फिजिक्सपासून फार्मसीपर्यंत, नर्सिंग, मानववंशशास्त्र, भूगोल, मराठी, संगीत, सगळं. वाचायला एक रुपया लागत नाही. तुम्ही कुठल्या कॉलेजात आहात, आहात की नाही, हेही कोणी विचारत नाही.

याआधी काय होतं ते आमच्या पिढीला माहितीये. मरून किंवा काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आणि तो प्रबंध विद्यापीठाच्या लायब्ररीत कुलपाच्या कपाटात. बघायचा असेल तर गाईडचं पत्र आणा, एसटीने जा, तिथेच बसून हाताने उतरवून घ्या. एकेका माणसाचं चार-पाच वर्षांचं काम, आणि वाचणारे किती तर दोन परीक्षक, गाईड आणि घरचे.

आता मुद्द्याचं. मला ही साइट का आवडते ते एका उदाहरणाने सांगते. आमच्या भागात फ्लोराइडचा त्रास आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवटकडचा भाग, इथल्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त येतं. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं, असं भारतीय मानक सांगतं, आणि त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलात की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि मग मोठ्यांचे सांधे, कणा आखडायला लागतात. आमच्या बीएस्सीच्या मुलींना आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी विषय हवा होता, त्या म्हणाल्या मॅडम पाणी घेऊ या का, मी म्हटलं घ्या पण आधी शोधगंगेवर बसा.

तर सर्चमध्ये फ्लोराइड आणि जिल्ह्याचं नाव टाकलं. पहिल्यांदा अर्थातच केमिस्ट्रीचे प्रबंध आले, गावनिहाय पाण्याचे नमुने, पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे. पण त्यांच्या खालीच जिऑलॉजीचा प्रबंध, की हे फ्लोराइड मुळात येतं कुठून, कुठल्या खडकातून सुटतं, आणि ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त त्या पाण्यात ते जास्त का टिकून राहतं. मग डेंटलवाल्यांचा, शाळेतल्या मुलांचे दात तपासून डीनच्या इंडेक्सप्रमाणे डागांची प्रत लावलेली. मग भूगोलवाल्यांचा, नकाशे काढून कुठली गावं धोक्याच्या पट्ट्यात येतात ते. मग पाणी शुद्ध करणाऱ्यांचे, कोणी चिंचोक्याची पूड वापरतंय, कोणी शेवग्याच्या बिया, कोणी राख, आणि जवळपास सगळेच तुलना करतायत ती नलगोंडा पद्धतीशी, म्हणजे तुरटी आणि चुना टाकून फ्लोराइड खाली बसवायची पद्धत, जी आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली.

हे सगळं आलं ते एका शब्दावर. कॅम्पसवर या लोकांच्या बिल्डिंग शेजारी-शेजारी असतात आणि केमिस्ट्रीवाल्याला समाजशास्त्रात काय चाललंय ते रिटायर होईपर्यंत कळत नाही, हे मी डोळ्याने बघितलंय. एकाच गावच्या एकाच बोअरवर दोन डिपार्टमेंटची माणसं वेगवेगळ्या साली जाऊन बाटल्या भरून आलीत आणि एकाच्या संदर्भसूचीत दुसऱ्याचं नाव नाही. शोधगंगेवर ते एकाखाली एक येतात. एका आजाराकडे, एका पाण्याकडे विद्यापीठातल्या सगळ्या विषयांनी कसं बघितलंय ते घरबसल्या दिसतं, आणि हे दुसरीकडे कुठे फुकटात दिसत असेल तर मला खरंच सांगा.

दुसरी गोष्ट म्हणजे डिटेल. जर्नलमधला पेपर सहा-आठ पानांचा, त्यात पद्धतीला एक ओळ मिळते, फ्लोराइड स्टँडर्ड मेथडने मोजलं, संपलं. आता फ्लोराइड मोजायच्या दोन नेहमीच्या पद्धती, एक आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड आणि दुसरी स्पॅड्न्स. स्पॅड्न्समध्ये झिर्कोनियमबरोबर एक लाल रंगाचं द्रावण असतं, पाण्यात फ्लोराइड असलं की ते झिर्कोनियमला ओढून घेतं आणि लाल रंग फिका पडतो, जितका फिका तितकं फ्लोराइड जास्त. दिसायला सोपं आहे, पण पाण्यात ॲल्युमिनियम असेल किंवा अल्कलिनिटी फार असेल तर आकडा फसवतो. ज्यांनी आधी तुरटी टाकून (तुरटीत ॲल्युमिनियम असतं) पाणी शुद्ध केलं आणि मग याच पद्धतीने मोजलं त्यांच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा? पेपर वाचून ते कळत नाही. प्रबंधात कळतं, कारण तिथे बाटली कशी धुतली, नमुना किती तास ठेवला, आधी डिस्टिल केलं की नाही, कॅलिब्रेशनचा ग्राफ कसा आला, सगळं लिहायलाच लागतं. आमच्या मुलींनी तीन प्रबंधांतली कृती समोरासमोर ठेवली आणि त्यांचं त्यांनाच समजलं की लॅबमध्ये काय करायचं नाही. मला फळ्यावर एक अक्षर लिहावं लागलं नाही.

आणि शेवटची परिशिष्टं! ती कोणीच उघडत नाही. मेडिकल, नर्सिंग, समाजकार्य, गृहविज्ञान यांच्या प्रबंधांत मागे प्रश्नावली असते, बरेचदा मराठीत, आणि संमतीपत्रही मराठीत. गावात जाऊन बाईला विचारायचं असतं की पाणी कुठून आणता, दिवसात किती हंडे लागतात, चहा किती वेळा होतो (चहातूनही फ्लोराइड जातं पोटात), गुडघे कधीपासून धरतात. हे प्रश्न इंग्रजीतून उचलून भाषांतर केले की असे काही होतात की समोरची बाई बिचारी नुसती बघत राहते. कोणीतरी आधी खेड्यात जाऊन, चुकून, सुधारून केलेली प्रश्नावली मिळणं म्हणजे अर्धं काम. वापरा, पण ज्याची आहे त्याचं नाव द्या, जमलं तर एक मेल करून विचारा. लोकांना आनंदच होतो की आपला प्रबंध कोणीतरी वाचला.

सिकलसेलचंही असंच, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होतात तो आनुवंशिक आजार. २०२३ च्या जुलैत केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं आणि मग सगळीकडे बोलणं सुरू झालं, पण नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटच्या लोकांमधल्या सिकलसेलवर प्रबंध त्याच्या कितीतरी आधीपासून लिहिले जातायत. मानववंशशास्त्रवाले जमातनिहाय नोंदी घेतात, बायोकेमिस्ट्रीवाले रक्तातले बदल बघतात, समाजकार्यवाले लग्न जुळवताना सिकलसेल तपासणीचं कार्ड बघतात का, लपवतात का ते विचारतात. आशाताई असोत, पत्रकार असोत, एनजीओची पोरं असोत, ज्यांना या विषयावर काही करायचंय त्यांनी सर्वेक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याआधी हे वाचा ना.

आता वापरायचं कसं, कारण पहिल्यांदा उघडल्यावर माणूस बावचळतो. साइट डीस्पेस नावाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालते, जगातल्या बऱ्याच विद्यापीठांच्या लायब्ऱ्या तेच वापरतात, त्यामुळे दिसायला साधी, रंगरंगोटी नाही. एक प्रबंध उघडलात की वर शीर्षक, संशोधक, गाईड, विद्यापीठ, कीवर्ड, गोषवारा, आणि खाली फाइलींची यादी. अख्खा प्रबंध एका फाइलीत नसतो, तुकडे असतात. ०१ टायटल, ०२ प्रिलिम पेजेस, ०३ कंटेंट, मग ॲबस्ट्रॅक्ट, मग एकेक चॅप्टर, ॲनेक्शर, आणि सगळ्यात खाली ८० रेकमेंडेशन. नवीन माणूस वरून सुरुवात करतो आणि सर्टिफिकेट, डिक्लरेशन, आभार यातच दमतो. मी उलटं करते. आधी ८० नंबर, त्यात बहुतेक वेळा शीर्षकाचं पान आणि निष्कर्ष असतात, पाच मिनिटांत कळतं की हा आपल्या कामाचा आहे का. मग ०३ उघडून अनुक्रमणिका, आणि मग थेट पद्धतीचा चॅप्टर. तुकडे असल्याचा फायदा असा की गावच्या नेटवर पाहिजे तो चॅप्टर तेवढा उतरतो, तीनशे एमबी ओढायला लागत नाही.

सर्चला ॲडव्हान्स्डमध्ये जा, विद्यापीठ आणि साल यावर गाळा. आणि नुसता विषय टाकून थांबू नका, चांगला प्रबंध सापडला की त्याच्या गाईडच्या नावावर क्लिक करा, एकेका गाईडकडे एकाच धाग्यावरचे पाच-सहा प्रबंध निघतात, आधीच्याने सोडलेला प्रश्न पुढच्याने घेतलेला. लोणारचं असं बघा. लोणारच्या खाऱ्या सरोवरातल्या सूक्ष्मजीवांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काम चाललंय, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळे चॅनलवाले धावले आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने ते हॅलोआर्कियामुळे झाल्याचं सांगितलं, पण क्षार आवडणाऱ्या त्या जिवांची ओळख असलेली माणसं आपल्या विद्यापीठांत आधीपासून होती. एक-एक प्रबंध मागे मागे वाचत गेलं की ते दिसतं.

मराठीतल्या प्रबंधांसाठी मात्र वेगळी युक्ती. शीर्षक कधी देवनागरीत नोंदलेलं असतं, कधी रोमन लिपीत, त्यामुळे दोन्ही करून बघायचं, आणि रोमनमध्ये स्पेलिंगही दोन-तीन प्रकारे. जुने मराठी प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेत, त्यातला मजकूर कॉपी केला की चिन्हांची खिचडी येते आणि आतल्या शब्दांवर सर्चही लागत नाही. म्हणून शीर्षक, संशोधक, गाईड यांच्यावरूनच शोधायचं.

तक्रार आहे, आणि ती शोधगंगेवर नाही, प्रबंध चढवणाऱ्यांवर आहे. प्रबंध ज्याचं त्याचं विद्यापीठ अपलोड करतं. आणि काही ठिकाणी ते काम इतकं उरकून टाकलेलं असतं की संताप येतो. एका विद्यापीठाचा प्रबंध उघडला, विषय अगदी मला हवा तो, आणि रिझल्टच्या चॅप्टरमधले आडवे तक्ते उभ्या कागदावर स्कॅन केलेले, उजवीकडचे दोन रकाने कापलेले, नेमके पावसाळ्यानंतरचे आकडे त्यात. कुठल्या तरी माणसाने उन्हात गावोगाव फिरून गोळा केलेले आकडे, आणि ते स्कॅनरच्या काचेबाहेर राहिले. दुसरीकडे फोटो ब्लॅक अँड व्हाइट, टिश्यूच्या स्लाइडचा फोटो, जिथे गुलाबी-जांभळ्या रंगातच सगळी माहिती असते, तो नुसता करडा डाग. कीवर्डच्या जागी नुसतं 'केमिस्ट्री' लिहून ठेवलेलं. असा प्रबंध असून नसल्यासारखा, कारण तो कोणाला सापडणारच नाही. विद्यापीठांच्या ग्रंथपालांना मनापासून विनंती आहे, मुलाकडून मूळ सॉफ्ट कॉपी घ्या, प्रिंट काढून स्कॅन करत बसू नका. आणि पीएचडीच्या मुलांनो, व्हायव्हा झाला म्हणून सुटलो असं करू नका, आपला प्रबंध साइटवर नीट चढलाय का ते स्वतः उघडून बघा, प्रत्येक फाइल.

आता एक फार महत्त्वाचं, विशेषतः जे पेशंट किंवा नातेवाईक म्हणून वाचतील त्यांच्यासाठी. शोधगंगेवर औषधी वनस्पतींचे प्रबंध ढिगाने आहेत. अमुक पानाचा अर्क, तमुक सालीचा अर्क, मधुमेहावर गुणकारी. आत जाऊन बघा की कोणाच्या मधुमेहावर. बहुतेक ठिकाणी उंदीर असतात, त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा ॲलोक्सान टोचून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेल्या असतात आणि मग तो अर्क देऊन साखर मोजलेली असते. संशोधनाची ती पहिली पायरी आहे आणि ती करायलाच हवी, पण आपल्या घरच्या आजोबांचा टाइप टू मधुमेह वेगळा, डोस वेगळा, बाकीच्या गोळ्या वेगळ्या. तसंच जंतूंवरचे प्रबंध, अगरच्या प्लेटवर अर्क टाकला आणि भोवती स्वच्छ वर्तुळ पडलं, म्हणजे प्लेटमध्ये जंतू वाढले नाहीत. शरीरात काय होईल ते त्या वर्तुळावरून कळत नाही. गुळवेलीचं बघितलंच आपण. करोनात घरोघरी काढा, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. त्यामुळे प्रबंधाचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकून 'विद्यापीठाने सिद्ध केलंय' असं कृपा करून लिहू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही डोस यातून उचलू नका. आणि एमडी-एमएसवाल्यांचे प्रबंध इथे मिळतील अशी आशा ठेवून येऊ नका, ही मुख्यतः पीएचडीची जागा आहे. हॉस्पिटलमधलं पेशंटवरचं बरंच काम त्या तीन वर्षांच्या कोर्सच्या प्रबंधांत असतं आणि तेही असं एका ठिकाणी, सगळ्यांना खुलं मिळायला हवं असं मला फार वाटतं.

वाचता वाचता आणखी एक लक्षात येतं, की आपले प्रबंध विनाकारण जाड असतात. तीनशे पानांतली शंभर पानं रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, तेही अमुकने अमुक साली असं म्हटलं, तमुकने तमुक साली तसं म्हटलं. कमला सोहोनींचा केंब्रिजचा १९३९ चा प्रबंध, वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम सी वरचा, फक्त चाळीस पानांचा होता असं सांगतात. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, आणि चाळीस पानं. गाईड लोकांनी हे मुलांना जरूर सांगावं.

कॉपीचा प्रश्न लोक हमखास काढतात, की सगळं उघडं ठेवलं तर मुलं उचलणार नाहीत का. उचलतात, मी पकडलंय. पण उघडं आहे म्हणूनच तर पकडता आलं, कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या प्रबंधातून कोणी काय उचललं ते कळायची सोयच नव्हती. इन्फ्लिबनेटनेच २०१९ मध्ये शोधशुद्धी सुरू केली, त्यातून विद्यापीठांना साम्य तपासायचं सॉफ्टवेअर मिळतं, आणि यूजीसीचा २०१८ चा नियम सांगतो की साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. शोधगंगोत्री नावाची बहीण साइटही आहे, तिथे चालू पीएचडींच्या सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे असतात. विषय ठरवण्याआधी तिथे बघून घ्या, म्हणजे तुमचाच विषय शेजारच्या विद्यापीठात कोणी घेतला नाही ना ते कळेल.

आता कोणी म्हणेल, जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नल्स वाचायला देणारी केंद्राची योजना आलीय, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, मग प्रबंध कशाला वाचायचे. दोन्ही वाचा. पण ते सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी आहे. ज्या शेतकऱ्याच्या बोअरचं पाणी एखाद्या प्रबंधात मोजलंय त्याला ती जर्नल्स उघडत नाहीत, शोधगंगा उघडते. आणि जे कामाचं वाटेल ते उतरवून ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिकडची इथॉस ही प्रबंधांची अशीच सेवा बंद पडली, लोकांची कामं अडली.

पाचपैकी पाच देते. आमच्या मुलींचा प्रोजेक्ट विद्यापीठाच्या फेरीपर्यंत गेला. परीक्षकांनी विचारलं की ॲल्युमिनियमचा अडथळा कसा टाळला, आणि दोघींनी एकदम उत्तर दिलं.

संदर्भ देताना एक करा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करू नका, तो उद्या बदलू शकतो. प्रबंधाच्या पानावर हँडलची लिंक दिलेली असते, १०६०३ आणि पुढे एक आकडा, ती कायमची असते, तीच द्या. आणि मजकुरावर क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स आहे, म्हणजे नाव देऊन, धंद्यासाठी न वापरता, आणि त्यातून काही नवीन केलंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवून वापरता येतं. गावच्या शाळेत पाण्यावर बोलायचं असेल आणि एखाद्या प्रबंधातला नकाशा मोठा करून भिंतीवर लावायचा असेल तर बिनधास्त लावा, खाली संशोधकाचं आणि विद्यापीठाचं नाव लिहा.